कऱ्हा नकाशावर नीट उमटावी म्हणून

मराठीत नकाशा हवा असेल तर सर्व्हर आपला हवा, हे माझं मत गेल्या काही वर्षांत पक्कं होत गेलं आहे. वेबवर नकाशा दाखवणं आज कुणालाही जमतं. एखाद्या तयार सेवेची चावी घ्यायची, चार ओळींचा कोड पानात डकवायचा, झालं काम. पण सासवडवरून जाणाऱ्या कऱ्हा नदीचं नाव त्या नकाशावर कोणत्या लिपीत लिहायचं, ‘खंडाळा’ लिहायचं की ‘खंडाला’, कोणती वाडी दाखवायची आणि कोणती गाळायची, हे सगळं दूर कुठेतरी आधीच ठरलेलं असतं. ठरवणाऱ्यासमोर अख्खं जग असतं. त्याने कऱ्हेची काळजी करावी ही अपेक्षाच चुकीची आहे. ती काळजी आपण करायची, आणि ती करण्यासाठी लागणारी सगळी हत्यारं आज मोफत, खुली आणि लिनक्सवर चालणारी आहेत.

मी पुरंदर तालुक्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या गटाचं संगणकाचं काम बघतो. ओढे, नालाबांध, विहिरी, शेततळी, पाझर तलाव यांच्या नोंदी असतात, आणि त्या गावकऱ्यांपुढे भिंतीवर दाखवायच्या असतात. तिथे इंग्रजी नावांचा नकाशा लावला की निम्मी माणसं मागच्या मागे गप्प होतात. मराठी नावं आली की तीच माणसं उठून भिंतीपाशी येतात, बोट ठेवून वाद घालतात. कामाला तो वादच हवा असतो.

नकाशाची माहिती ओपनस्ट्रीटमॅपची. स्टीव्ह कोस्टने २००४ मध्ये इंग्लंडात सुरू केलेला हा उपक्रम आता जगभरच्या स्वयंसेवकांवर चालतो. माहिती कुणीही घ्यावी, श्रेय द्यावं, सुधारणा करून माहिती वाटली तर त्याच परवान्याखाली वाटावी, एवढीच अट. त्यांच्या संकेतस्थळावर जो नकाशा दिसतो तो मात्र देणग्यांवर आणि दान मिळालेल्या यंत्रांवर चालतो. त्याच्यावर आपल्या कामाचा भार टाकू नये, मोठं काम असेल तर आपला सर्व्हर उभा करावा, असं ते स्वतःच सांगतात. मला हे रास्त वाटतं. माहिती सगळ्यांची आहे, चित्र ज्याचं त्याने काढावं.

चित्र काढणारी साखळी अशी. तळाला डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्सची एखादी प्रणाली. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, ज्याचं मूळ १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेल्या संशोधनात आहे. त्याला भूगोल शिकवणारं पोस्टजीआयएस २००१ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या एका छोट्या कंपनीने बाहेर आणलं. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती त्यात ओतायला ओएसएम-टू-पीजीएसक्यूएल हे साधन. ओतलेल्या माहितीतून रंगीत चित्र काढतो मॅपनिक, जो आर्टेम पाव्लेन्को यांनी २००५ च्या सुमारास लिहायला घेतला. मॅपनिकला कामाला लावणारा रेंडरडी, आणि तयार चित्र ब्राउझरपर्यंत पोचवणारं, अपाची या वेबसर्व्हरला जोडलेलं मॉड-टाइल. शेवटी वेबपानात बसून नकाशा दाखवणारं लीफलेट, २०११ मध्ये युक्रेनच्या व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी प्रसिद्ध केलेलं. या सगळ्यांनी एकमेकांना विचारून काही केलेलं नाही. तरी एका संध्याकाळी, टर्मिनलमध्ये पॅकेजमागून पॅकेज उतरत जातं आणि हे सगळं एका यंत्रावर गुण्यागोविंदाने नांदायला लागतं. मला आजही ते बघताना फार बरं वाटतं.

नकाशा पुरवणारी दुसरी खुली साधनं, जिओसर्व्हर आणि मॅपसर्व्हर, हेही मातब्बर गडी आहेत. सरकारी खात्यांना डब्ल्यूएमएस या नकाशे मागवण्याच्या ठरलेल्या पद्धतीची सेवा द्यायची असेल, किंवा क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आपले थर उघडून द्यायचे असतील तर तेच घ्यावेत. पण पार्श्वभूमीचा मराठी नकाशा हवा असेल तर मी मॅपनिकच घेईन. कारण पुढे येतं आहे.

यंत्र फार मोठं लागत नाही. संपूर्ण पृथ्वीची संकुचित फाईलच ८० जीबीच्या आसपास जाते आणि तिच्यासाठी भरपूर रॅम आणि वेगवान डिस्क लागते. आपल्याला पृथ्वी नको आहे. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या जिओफॅब्रिककडे भारताचे विभाग पाडलेल्या फायली रोज ताज्या मिळतात, त्यातल्या पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात येतात. त्यासाठी आठ-सोळा जीबी रॅम आणि चांगली एसएसडी असलेला, शक्यतो मुंबईतल्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर पुरतो. पोस्टग्रेसचं दार बाहेरच्या जगाला बंद ठेवायचं, लॉगिन पासवर्डऐवजी किल्लीने करायचं, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत घ्यायचं. हे कुठल्याही सर्व्हरला लागू आहे, त्यावर अधिक बोलत नाही.

माहिती आत ओतताना पडद्यावर आकडे पळत असतात: आधी बिंदू, मग रेषा, मग संबंध. नंतर बराच वेळ काहीच हलत नाही असं वाटतं, तेव्हा अनुक्रमणिका बांधली जात असते. या अनुक्रमणिकेवरच सगळा वेग उभा आहे. पोस्टमन जसा आधी पेठ बघतो, मग गल्ली, मग घर, तसा डेटाबेस आधी मोठ्या चौकटी बघतो, त्यांच्या आतल्या छोट्या चौकटी बघतो, आणि शेवटी नेमक्या आकारापाशी पोचतो. ती नसेल तर एक पूल काढायला महाराष्ट्रातली प्रत्येक रेषा तपासावी लागेल.

चित्र निघतं ते फरशीफरशीने. प्रत्येक फरशी, म्हणजे टाइल, २५६ बाय २५६ ठिपक्यांची. झूम शून्यावर अख्खं जग एका टाइलमध्ये बसतं, आणि प्रत्येक पायरीला टाइलींची संख्या चौपट होते. अठराव्या झूमला ती ६,८७१ कोटींच्या वर जाते. इतक्या कुणीच आधी काढून ठेवत नाही. कुणी मागितली की काढायची आणि जपून ठेवायची. दहाव्या झूमला शनिवारवाडा ज्या टाइलमध्ये येतो तिचा पत्ता १०/७२२/४५८, म्हणजे झूम, आडवा क्रमांक, उभा क्रमांक. आपल्या अक्षांशावर ही टाइल साधारण ३७ किलोमीटर रुंद आहे. कोथरूड मात्र तिच्या शेजारच्या ७२१ मध्ये जातं. म्हणजे ‘पुणे’ हे मोठं नाव लिहिताना अक्षर दोन फरश्यांच्या सांध्यावर येण्याची भीती असते. म्हणून रेंडरडी टाइली सुट्या काढत नाही, आठ बाय आठचा मोठा तुकडा एकदम काढतो आणि मग चिरतो. ७२१ आणि ७२२ दोन्ही एकाच तुकड्यात येतात, पुण्याचं नाव शाबूत राहतं.

आता नावांकडे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आपल्याकडच्या जागांचं मुख्य नाव बहुतेक वेळा इंग्रजी लिपीत असतं, आणि मराठी नावासाठी ‘नेम:एमआर’ असा वेगळा रकाना असतो. माहिती ओतताना सगळे रकाने जपून ठेवा असं सांगितलं की तो डेटाबेसमध्ये येतो. मग नकाशाच्या शैलीच्या फाईलमध्ये, म्हणजे कोणती गोष्ट कशी दिसावी हे सांगणाऱ्या फाईलमध्ये, जिथे जिथे नाव मागितलं आहे तिथे सांगायचं: मराठी असेल तर ते दे, नसेल तर जे आहे ते दे. काम कंटाळवाणं आहे. रस्ते, नद्या, गावं, स्टेशनं, देवळं, प्रत्येक थरात हीच दुरुस्ती. पण ती केल्यावर पहिल्यांदा टाइल उघडली की महाराष्ट्र मराठीत दिसतो, आणि तो दिसणं साधी गोष्ट नाही.

इथे एक मोह होतो. जिथे मराठी नाव नाही तिथे हिंदी घ्यावं, लिपी तर तीच आहे. मी घेतलं नाही. हिंदी नावात ‘खंडाला’ येतं, ‘लोनावाला’ येतं. इंग्रजीवरून यंत्राने अक्षरं बदलून घेतली तरी तेच होतं, कारण इंग्रजी अक्षरांत ण आणि न, ळ आणि ल यांचा भेद आधीच पुसलेला असतो आणि पुसलेलं यंत्राला परत आणता येत नाही. गावाचं नाव इंग्रजीत दिसलं तर बघणाऱ्याला कळतं की इथे भरायचं राहिलं आहे. चुकीचं देवनागरीत दिसलं तर तेच खरं मानलं जातं, आणि पुढच्या कागदांवर उतरत जातं.

नाव मिळालं म्हणजे ते नीट लिहिलं जाईल असं नाही. देवनागरी अक्षरं एकापुढे एक ठेवून चालत नाही. ‘शिरवळ’मध्ये साठवणीत आधी श येतो मग इकार, कागदावर मात्र इकार आधी दिसायला हवा. ‘कुर्डुवाडी’तला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायला हवा. हे काम हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं, आणि मॅपनिकने २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते पोटात घेतलं. मॅपनिकच घेईन म्हणालो ते यासाठी. अक्षरजोडणी सर्व्हरवरच पूर्ण होते, वाचणाऱ्याच्या फोनवर कोणता फाँट आहे याने काही बिघडत नाही.

फाँट नोटो सान्स देवनागरी. तो यंत्रावर बसवायचा आणि शैलीच्या फाँटयादीत त्याचं नाव आहे ना हे बघायचं. नसेल तर नावांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात. बाकी सूचना कुठल्याही मार्गदर्शिकेत सहसा नसतात, म्हणून लिहितो. इंग्रजी नावं ऐसपैस दिसावीत म्हणून शैलीत कधी अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं असतं. देवनागरीत ते शून्य करायचं, नाहीतर शिरोरेघ तुटते आणि नाव फुटक्या बांगड्यांगत दिसतं. ओळींमधलं अंतर मात्र वाढवायचं, कारण आपल्या मात्रा वर चढतात आणि उकार खाली उतरतात, दोन ओळींच्या नावात त्यांची टक्कर होते. आणि नद्या. नदीचं नाव प्रवाहाच्या वळणाबरोबर वाकवून लिहितात. इंग्रजीत प्रत्येक अक्षर थोडं फिरवलं तरी चालतं. देवनागरीत प्रत्येक अक्षर वेगळं फिरलं की शिरोरेघेच्या पायऱ्या होतात. म्हणून लागोपाठच्या दोन अक्षरांमध्ये किती अंशांचा फरक चालेल ही मर्यादा खाली आणायची. मॅपनिक मग नाव लिहायला नदीचा सरळ पट्टा शोधतो, नाही सापडला तर लिहीत नाही. कऱ्हा गराड्याकडच्या डोंगरात फार वळते, तिथे नाव येत नाही. सासवडच्या खाली, नाझरे धरणाच्या पुढे, जेजुरीवरून बारामतीकडे जाताना ती मोकळी होते, तिथे ते छान बसतं.

कऱ्हेचं नाव हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. ‘ऱ्ह’मधला हा अर्धा र मराठीचं खास देणं आहे. हा संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. एक, युनिकोडमधलं, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतलं, ०९३१ क्रमांकाचं ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलंत आणि पुढे ह. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, हलंत, ह. तीन, साधा र, हलंत, आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडणारं चिन्ह. तिन्ही पडद्यावर सारखी दिसतात. डेटाबेसच्या लेखी तिन्ही वेगळी. एकाने एका तऱ्हेने नाव भरलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, तर नकाशा म्हणतो, अशी नदी नाही. आणि कुणी घाईत साधा र, हलंत, ह एवढंच टंकलं तर ‘कर्हा’ होतं, रफार हच्या डोक्यावर. पोस्टग्रेसच्या तेराव्या आवृत्तीपासून युनिकोडचं एकरूप करणारं फंक्शन आतच मिळतं, त्याने पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरीसाठी ते अदृश्य चिन्ह ओळखून बदलावं लागतं. आम्ही दोन्हींचं मिळून एक छोटं फंक्शन केलं आहे, नाव साठवतानाही त्यातून जातं आणि शोधतानाही. दऱ्या, पायऱ्या, गुऱ्हाळ, कऱ्हाड, मराठी मुलखात हा र पदोपदी भेटतो. त्याची सोय जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं कुणी करणार नाही.

नकाशावर मोजमाप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वेबचे जवळजवळ सगळे नकाशे ज्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या ज्या पद्धतीत, काढतात त्याला वेब मर्केटर म्हणतात, क्रमांक ३८५७. ते बघायला सोयीचं आहे, मोजायला नाही. विषुववृत्तापासून दूर जावं तसं क्षेत्रफळ फुगत जातं, आणि पुण्याच्या अक्षांशावर ही सूज सुमारे ११ टक्क्यांची आहे. ३० बाय ३० मीटरचं शेततळं, खरं क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर, वेब मर्केटरमध्ये थेट मोजलं तर हजार भरतं. एका शेततळ्याचं कागदावर चालूनही जाईल. पण शंभर तळ्यांचा, त्यांच्या प्लास्टिक अस्तराचा हिशेब यावर मांडला तर पैशाचा खेळ होतो. म्हणून चित्र ३८५७ मध्ये, मोजमाप यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा वेगळा मांडणाऱ्या प्रक्षेपणात. त्यातही महाराष्ट्र ७८ अंश रेखांशावर दुभंगतो: पुण्यापासून अमरावतीपर्यंत त्रेचाळिसावा पट्टा, वर्धा, यवतमाळ, नागपूर चव्वेचाळिसाव्यात. किंवा पोस्टजीआयएसला सांगावं की पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरच मोज. तेही त्याला येतं.

देशाच्या सीमारेषेचंही असंच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळणारी सीमा दाखवणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅप जमिनीवरचा ताबा बघून रेषा ओढतो. आपला सर्व्हर असला की तो थर काढून अधिकृत थर घालता येतो.

एकदा गावातल्या बैठकीत नकाशा भिंतीवर लावला होता. मागे उभे असलेले एक दादा पुढे आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “सगळं बराबर हाये. पर आमची वस्ती कुटं हाये ह्यात?” वस्ती खरंच नव्हती. सात-आठ घरं, दोन विहिरी, वर जाणारी गाडीवाट. आम्ही त्यांनाच शेजारी बसवलं, उपग्रहाच्या चित्रावर त्यांनी घरं दाखवली, नाव सांगितलं, नावातला ळ कुठे ते सांगितलं. ते तिथेच ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरलं. आमचा सर्व्हर रात्री जिओफॅब्रिककडून दिवसभराचे बदल ओढून घेतो, त्या बदलांनी शिळ्या झालेल्या टाइली बाद करतो आणि मागणी येईल तशा नव्या काढतो. एखादी टाइल लगेच नवी हवी असेल तर तिच्या पत्त्याच्या शेवटी ‘डर्टी’ हा शब्द जोडला की रेंडरडी ती पुन्हा काढायला घेतो. पुढच्या वेळी बैठकीत ती वस्ती भिंतीवर होती. दादांनी नातवाला आणून दाखवली. तयार सेवेत हे झालं असतं का? कधीतरी झालंही असतं. पण कधी, आणि कोणत्या लिपीत, हे सांगता आलं नसतं.

देखभाल लागतेच. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते, पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी. मी दर वेळी मागे धावत नाही, एक सोडून एक घेतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीचा बॅकअप ठेवत नाही, ती पुन्हा उतरवता येते. आमच्या विहिरींच्या पातळ्या आणि बंधाऱ्यांच्या नोंदी मात्र रोज रात्री दुसऱ्या यंत्रावर जातात, कारण त्या दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. आणि जे काही केलं त्याची टिपणं मराठीत, क्रमाने, एका फाईलमध्ये. उद्या मी नसलो तर गटातल्या कुणालाही ती वाचून सर्व्हर पुन्हा उभा करता आला पाहिजे.

आता सगळे व्हेक्टर टाइलींकडे वळत आहेत. सर्व्हरने चित्र काढायचं नाही, नुसते आकार आणि नावं पाठवायची, चित्र ब्राउझर काढेल. हलकं, फिरवता येणारं, सर्व्हरला स्वस्त. २०२० च्या डिसेंबरात मॅपबॉक्सच्या साधनातून फुटून स्वतंत्र झालेलं मॅपलिब्रे हे त्यातलं खुलं आणि उत्तम साधन. पण त्याची मूळ रचना एक अक्षरक्रमांक, एक आकृती अशी आहे. अरबीसाठी वेगळा जोड मिळतो. देवनागरीत इकार भलत्या जागी, जोडाक्षरांचे हलंत उघडे, अशी गत होते. यावर खटपट करणारी मंडळी आहेत आणि त्यांचं काम मी आस्थेने बघतो. ते पूर्णत्वाला जाईपर्यंत मराठी नकाशासाठी जुनी चित्ररूप टाइलच घ्यावी, असं कुणी विचारलं तर मी सांगतो.

तुम्ही तुमच्या तालुक्यासाठी सर्व्हर उभा करत असाल, मग तो कोणत्याही साधनाने असो, तर रस्त्यांचे रंग ठरवण्याआधी ही सहा नावं नकाशावर उमटवून बघा. शिरवळ, इकारासाठी. कुर्डुवाडी, रफारासाठी. महाबळेश्वर, श आणि व जुळतात का यासाठी. त्र्यंबकेश्वर, तीन व्यंजनं एकत्र आणि वर अनुस्वार. लोणावळा, माहितीतला ण आणि ळ शाबूत आहे का हे बघायला. आणि कऱ्हा, तिन्ही तऱ्हांनी भरून, एका तऱ्हेने शोधून.